तातडीचं लिव्हर ट्रान्सप्लांट: दात्याला 'नाही' म्हणायला वेळ कुठे असतो?

तिरफळ:
साधी कावीळ म्हणून दवाखान्यात गेलेला माणूस आठवड्याभरात बरळायला लागतो. आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो त्याचा आकडा) चढत जातो आणि डॉक्टर म्हणतात, 'लिव्हर बंद पडलंय, घरातलं कोणी देणार असेल तर आजच तपासण्या सुरू करू.' सिरॉसिसवाल्यांच्या (ज्यांचं लिव्हर हळूहळू निकामी होतं त्यांच्या) घरी विचाराला निदान काही आठवडे तरी मिळतात, इथे एक रात्र. आयसीयूबाहेर सगळं गणगोत जमलेलं आणि सगळ्यांची नजर रक्तगट जुळलेल्या एकाच माणसावर. उजवा भाग द्यायचा म्हणजे जवळपास 60 टक्के यकृत, आणि दाता दगावण्याचा धोका हजारात दोन ते पाच. या संमतीला मी संमती मानत नाही. अशा पेशंटसाठी जिवंत दाता घेऊच नये.

रात्रपाळी:
घेऊ नये, मग करायचं काय? झेडटीसीसीच्या (अवयववाटप बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या) यादीत याला अग्रक्रम मिळतो, पण म्हणून उद्या सकाळी ब्रेनडेड दाता मिळेलच असं नाही. आम्ही तासातासाला टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघतो. मेंदूची सूज वाढून एक बाहुली मोठी झाली, की पुढे लिव्हर मिळूनही बहुतेकदा उपयोग नसतो. जपानात ब्रेनडेड दात्याचं लिव्हर घेण्याचा कायदाच 1997 साली आला. तोवर तिथले पेशंट जगले ते घरच्यांच्याच लिव्हरवर. माझ्या आईसाठी मी तासाभरात हो म्हणेन. निर्णय घाईचा असेल, पण माझाच असेल.

उसळपाव:
तुमचा असेल हो. बायकोचा असतो का? आपल्याकडे दात्यांत बायकाच जास्त, हा काय योगायोग आहे? 2025 मध्ये पुण्यात नवऱ्याला यकृत देणारी बायकोही गेली आणि नवराही. तिथे घाई होती की नव्हती हे बाजूला ठेवा, मागे मुलं राहतात त्याचं काय?

तिरफळ:
शिवाय पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस किंवा हिपॅटायटिस ए झालेले बरेच जण नुसत्या उपचारांवर सुधारतात. तिथे दात्याचं पोट फुकटच फाडलं जायचं.

रात्रपाळी:
ते ओळखायलाच किंग्ज कॉलेजचे निकष आहेत, 1989 पासून. ते अचूक नाहीत, कबूल. पण पिवळा फॉस्फरस असलेलं उंदराचं औषध घेतलेलं पोर दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतं आणि मग धाडकन कोसळतं. प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला द्रव भाग बदलून बघतात, पण सगळेच त्यावर सावरत नाहीत. तेव्हा त्याच्या आईला 'तुमचं लिव्हर आम्ही घेणार नाही' हे तुम्ही सांगाल?

उसळपाव:
आईला नाही सांगणार. पण अवयव प्रत्यारोपणाच्या 2014 च्या नियमांत स्पष्ट आहे: दाता स्त्री असेल तर तिची स्वतंत्र संमती पेशंट सोडून दुसऱ्या कोणाकडून पडताळून घ्यायची. म्हणजे 'दुसरं कोणी' म्हणून दीर पुढे येतो. पेशंटच्या टीमशी संबंध नसलेल्या डॉक्टरने तिला एकटीला गाठावं. नको म्हणाली तर बाहेर फक्त 'तपासणीत बसत नाही' एवढंच सांगावं.

रात्रपाळी:
चांगल्या ठिकाणी हे होतं. रात्री दोनलाही होतं.

तिरफळ:
सगळीकडे होत नाही, वाद त्याचाच आहे. आणि ते होईल तेव्हा सासूबाईंना दाराबाहेर बसवू नका, खाली कॅन्टीनला धाडा.