मका विरळ उगवला: मोडू की ठेवू?
मध्य आयोवा (अमेरिका), ८० एकर, ३० इंची ओळी, गेल्या वर्षी सोयाबीन. २६ एप्रिलला एकरी ३४,००० बी दोन इंच खोल टाकलं. चौथ्या दिवशी धो धो पाऊस, मग कडक ऊन-वारा. वरचा थर पापडासारखा वाळला. उकरून पाहिलं तर कोंबांनी जमिनीखालीच पानं उलगडलेली. पापडी फोडायला रोटरी हो (दातेरी चाकांचं अवजार) फिरवला, पण उशीरच झाला.

आज २० मे. १७ फूट ५ इंच ओळीत, म्हणजे एकराच्या हजाराव्या भागात, दहा ठिकाणी मोजलं: ५५ एकरांत सरासरी २१ रोपं, उरलेल्या सखल २५ एकरांत जेमतेम १४, मध्ये दोन-तीन फुटांच्या फटी. उभी रोपं तीन पानांवर, मुळं पांढरीशुभ्र.

ॲट्राझिन हे तणनाशक मारलंय, त्यामुळे यंदा सोयाबीन पेरता येत नाही. विमावाल्यांना कळवलंय, ते पाहून जाईपर्यंत हात लावणार नाही. आधीचं वाण १११ दिवसांचं, आता १०२ दिवसांचं बी मिळतंय.

सखल भाग मोडायचा हे जवळपास नक्की. पण तिथली जुनी रोपं ग्लायफोसेट या तणनाशकाने मरणार नाहीत (वाणच ते सहन करणारं आहे), आणि ठेवली तर तणासारखीच नडतील. क्लेथोडिम (गवत मारणारं तणनाशक) मारून पेरणीआधी सहा दिवस थांबू, की सरळ डिस्क (तव्यांचं कुळव) फिरवू? आणि उरलेले ५५ एकर २१ हजारांवर ठेवणं परवडेल का?