घरी ब्रेक ऑइल बदलायचंय, पंप न घेता जमेल का?

निळीगाडी: चार वर्षांत ब्रेक ऑइल बदललेलं नाही, टाकीत काळपट दिसतंय. पेडल ठीक आहे, गाडीला एबीएस आहे. ऑइल, नळी आणि एक पाना, एवढाच खर्च करायचाय. मदतीला बायको आहे. कसं करू?

चक्रधर: प्रेशर ब्लीडर, म्हणजे दाबाने ऑइल ढकलणारा पंप, घ्या. एकट्याने तासाभरात चारही चाकं केली मी.

आठचा_पाना: पंप नको म्हणालेत ना ते! दोघांत छान होतं. चाकाजवळ ब्रेकवर ऑइल काढायचा छोटा स्क्रू असतो, त्या निपलला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवा. वहिनींनी पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल सैल करून परत आवळायचा, मगच पाय उचलायला सांगायचं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. तळापर्यंत दाबलं तर जुन्या मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) रबर एरवी जात नाही तिथे जातं आणि तिथल्या गंजावर फाटतं. माझं तसंच गेलं. आणि टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटात हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरशिवाय निघत नाही.

चक्रधर: मास्टर सिलिंडरपासून लांबचं मागचं चाक आधी. ऑइल डॉट 5 ग्रेडचं घाला, 260 अंशांपर्यंत उकळत नाही.

उतारवाट: डॉट 5 अजिबात नको! ते सिलिकॉनचं, डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळत नाही. तुम्हाला 5.1 म्हणायचंय. टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घाला. चाकांचा क्रमही सगळ्या गाड्यांत एक नसतो, मॅन्युअल बघा.

चक्रधर: हो, 5.1च. पण क्रम हाच, पाच गाड्या केल्यात अशाच.

रबरीबूट: आधी चारही निपल हलतात का बघा. मी साध्या पान्याने जोर लावला आणि निपल आतच तुटला, अख्खा कॅलिपर (चाकाजवळचा ब्रेक दाबणारा भाग) बदलावा लागला. निपलला चहूबाजूंनी पकडणारा रिंग पानाच वापरा. आणि टाकी रिकामी होऊ देऊ नका.

आठचा_पाना: ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. गॅरेजला मात्र देऊ नका, माझ्या गाडीच्या टाकीतलं तेवढं बदलून परत दिली होती.

निळीगाडी: रिंग पाना लावून बघितला. मागचे दोन्ही निपल गंजलेत, जरासुद्धा हलत नाहीत. गॅरेजलाच देतोय. समोर उभा राहीन, चारही नळ्यांतून स्वच्छ ऑइल आलेलं दिसेपर्यंत गाडी हलवणार नाही.

चक्रधर: पंप घेतला असता तर!

रबरीबूट: पंपाने गंजलेला निपल कसा सुटेल?