आंध्रने वक्फ बोर्ड 'बंद' केलं म्हणे! मग डिसेंबरमध्ये काय नेमलं?

गोदाकाठ
ती पोस्ट आज परत आली आमच्या ग्रुपवर: आंध्रने वक्फ बोर्ड (मुस्लिमांनी धर्मकार्यासाठी दान दिलेल्या मालमत्तांवर देखरेख करणारं मंडळ) कायमचं गुंडाळलं, महाराष्ट्रानेही हिंमत दाखवावी. खाली टाळ्यांची रांग. म्हणून सविस्तर लिहितोय.

30 नोव्हेंबर 2024 ला चंद्राबाबूंच्या सरकारने जगन सरकारचा बोर्ड नेमण्याचा 2023 चा आदेश मागे घेतला. अध्यक्षाच्या निवडीला उच्च न्यायालयाची स्थगिती होती, कामकाज ठप्प होतं. कारण खरं होतं. पण डिसेंबरमध्येच त्यांनी नवीन बोर्ड नेमलं, आणि ते कुणीच फॉरवर्ड करत नाही. वक्फ बोर्ड केंद्राच्या कायद्याने असतं. राज्य सरकार माणसं बदलू शकतं, बोर्डच पुसून टाकू शकत नाही.

बरखास्तीचा अधिकार सरकारकडे हवाच, हे माझंही मत आहे. वक्फ कायद्याचं कलम 99 त्यासाठीच आहे. पण त्यात आधी नोटीस आहे, खुलाशाची संधी आहे. 2013 च्या दुरुस्तीनंतर गैरव्यवहाराचा किंवा कायदाभंगाचा प्रथमदर्शनी पुरावा लागतो, आणि बरखास्ती एक वर्षापलीकडे ताणता येत नाही. आंध्रने त्या वाटेने न जाता नुसता जुना आदेश मागे घेतला. उद्या दुसरं सरकार हेच करील तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

नांदेडी_माणूस
कलमं पाठ आहेत, छान. बोर्डाने केलं काय ते सांगा. अल्टामाउंट रोडवरची अनाथाश्रमाची जमीन 2002 मध्ये साडेएकवीस कोटींच्या आतच विकली गेली, आज तिथे अंबानींची अँटिलिया उभी आहे. आपल्या राज्याचं बोर्डही 2002 चंच. पुढाऱ्यांची सोय लावायची जागा आहे ती. बरखास्त करा आणि कलेक्टरच्या हाती द्या.

वकीलीण_सोलापूर
ती जागा वक्फची की साध्या ट्रस्टची, यावरच भांडण होतं. मुस्लिमांचा प्रत्येक धर्मादाय ट्रस्ट म्हणजे वक्फ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात 2022 मध्ये सांगितलं. त्या गोंधळाचा दोष एकट्या बोर्डावर कसा टाकता? आणि कलेक्टर म्हणता, तर जमीन सरकारी की वक्फची याचा निवाडा कलेक्टरहून वरच्या दर्जाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे देणाऱ्या, 2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्यातल्या तरतुदींनाच सर्वोच्च न्यायालयाने 15 सप्टेंबर 2025 ला स्थगिती दिली आहे.

रझिया_परभणी
मी कायद्याचं बोलत नाही, घरचं बोलते. वडील दर्ग्याचे मुजावर, म्हणजे सेवेकरी. दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन, मुंतखबात (जुन्या सनदेत) पणजोबांचं नाव. दर्ग्याच्या भिंतीला लागून गाळे आहेत. महिना दीडशे रुपये भाडं, शेजारच्या खासगी गाळ्याला चार हजार. भाडं वाढवायचा अर्ज अब्बांनी दिला, आणि तेवढ्यात बोर्डाची मुदत संपून वरची जागा रिकामी झाली. फाईलवर लाल पेनाने शेरा: "बोर्डाच्या बैठकीत ठेवावे." खाली तारखेची जागा कोरी. ती कोरीच राहिली. दरम्यान एका भाडेकरूने मागची भिंत पाडून गाळा दुप्पट केला. विचारलं तर म्हणाला, तक्रार करायला तुमचं आहे कोण?

नांदेडचे दादा, बोर्डात चोर असतील, मी नाही म्हणत नाही. पण बोर्ड नसलं की चोराला कुलूपसुद्धा तोडावं लागत नाही.

पंढरीचा_वाटसरू
हे सगळं वाचून संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पंढरपूरला 1973 चा कायदा, सिद्धिविनायकाला 1980 चा, शिर्डीला 2004 चा. आमच्या देवळांवर सरकार माणसं बसवतं तेव्हा तुमची नोटीस आणि खुलासा कुठे जातो? वक्फचं नाव निघालं की सगळ्यांना घटना आठवते.

गोदाकाठ
विषय बरखास्तीचा आहे, कृपया फाटे फोडू नका.

पंढरीचा_वाटसरू
फाटा नाही, मूळ तेच आहे! आमच्या गावच्या देवस्थानावर प्रशासक आला. तात्पुरता म्हणाले. मी शाळेत होतो तेव्हा आला, माझं लग्न झालं तरी होताच. यात्रेची वर्गणी आम्ही काढायची, सही त्याची. पालखीला नवीन गोंडे हवे होते तर तीन कोटेशन मागवली. एक वर्षाची मर्यादा त्यांना आहे, आम्हाला का नाही?

वकीलीण_सोलापूर
पंढरपूरचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, दादा. तिथल्या बडवे-उत्पात पुजाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपवले तेव्हा कितीतरी वारकऱ्यांना आनंद झाला होता.

पंढरीचा_वाटसरू
वारकऱ्यांना काय वाटलं ते मला सोलापूरच्या कोर्टातून कळायला नको, ताई. आमची चौथी पिढी आहे वारीत.

नांदेडी_माणूस
शिर्डीचं बघा की. सरकारने नेमलेलं विश्वस्त मंडळ 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने रद्द केलं, तदर्थ समिती आली. बाबांचं दर्शन एक दिवस तरी थांबलं का?

रझिया_परभणी
शिर्डीत एक मंडळ गेलं तर जिल्हा न्यायाधीश आणि कलेक्टर बसले. आमच्या गाळ्यांसाठी कोण बसलं? दिल्लीत तर बरखास्तीही नव्हती. ऑगस्ट 2023 ला तिथल्या वक्फ बोर्डाची मुदत संपली, बराच काळ नवीन बोर्ड आलंच नाही, इमामांचं मानधन वर्षाहून जास्त थकलं. आपल्याकडे 28 नोव्हेंबर 2024 ला बोर्डाला दहा कोटी देण्याचा आदेश निघाला आणि लगेच मागे घेतला. माणूस द्यायचा नाही, पैसा द्यायचा नाही, आणि वर विचारायचं, बोर्डाने केलं काय?

वकीलीण_सोलापूर
आणि यापुढचं बघा. आधी बोर्डावर मुस्लिम खासदार, आमदार, वकील, मुतवल्ली (वक्फ मालमत्तेचे व्यवस्थापक) यांच्यातून निवडून यायचे. 2025 च्या कायद्याने सगळे सरकारनियुक्त. ज्याला नेमलंय त्याला गप्प बसवायला कलम 99 लागतच नाही. पुढच्या वेळी नाव गाळलं की झालं.

नांदेडी_माणूस
बरं, बरं. रिकामं ठेवू नका एवढं मान्य, आणि तेही रझियाताईंच्या गाळ्यांमुळे, तुमच्या कलमांमुळे नाही. पण आधी ऑडिट. जुन्या बोर्डातल्या ज्याने जमीन विकली त्याच्या घरावर बोजा चढवा, मग नवीन माणसं नेमा.

रझिया_परभणी
चढवा. पहिली सही मी करते. फक्त "आधी" आणि "मग" करत बसू नका, दोन्ही एकाच आदेशात काढा.

पंढरीचा_वाटसरू
त्याच आदेशात देवस्थानांवरच्या प्रशासकांनाही एक वर्षाची मुदत घाला, मग माझीही सही घ्या.

गोदाकाठ
घालू. देवस्थानांचा वेगळा धागा काढा, प्रशासकाच्या नेमणुकीचा आदेश असेल तर त्याचा फोटो लावा. मुदत त्यात लिहिलेली असते का, ते तिथेच बघू.