सगळं अमेरिकेतच झालं असं नाही

काही जण म्हणतात की पॅकेट स्विचिंग (डेटाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटं, करून नेटवर्कवरून पाठवायची पद्धत) म्हणजे आर्पानेट (अमेरिकेचं सुरुवातीचं कॉम्प्युटर नेटवर्क), विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. 'पॅकेट' हा शब्दच मुळात ब्रिटनचे कॉम्प्युटर शास्त्रज्ञ डोनाल्ड डेव्हिस यांचा, आणि फ्रान्सच्या सिक्लाद नेटवर्कला तर आपण पार विसरतो. आर्पानेटमध्ये डेटा नीट, ओळीने पोचवायची जबाबदारी मधल्या आयएमपी मशीनवर (नेटवर्कमध्ये डेटा पुढे पाठवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर) होती. फ्रेंच इंजिनिअर लुई पूझँ यांनी १९७०च्या दशकात सिक्लाद उभं करताना हे उलटंच केलं, नेटवर्कने पॅकेट फक्त पुढे ढकलायचं, बाकी टोकाच्या कॉम्प्युटरनी बघायचं. म्हणजे समजा १, २, ३ अशी पॅकेटं निघाली आणि ३ हे २च्या आधी पोचलं तर घेणारा कॉम्प्युटर ते बाजूला ठेवून २ची वाट बघणार, नाहीच आलं तर पाठवणारा परत पाठवणार. केवढा मोठा विचार आहे हा! १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्फ आणि कान यांचा टीसीपीचा (आजच्या इंटरनेटवर डेटा नीट पोचवायच्या नियमांचा) पेपर आला त्यातही हीच दिशा दिसते. पुढे फ्रान्सच्या टपाल-टेलिफोन खात्याने एक्स.२५ (डेटा नीट पोचवायची जबाबदारी नेटवर्कवरच ठेवणारं स्टँडर्ड) वालं ट्रान्सपॅक नेटवर्क धरलं आणि सिक्लादचे पैसे आटले, याचं मला खरंच वाईट वाटतं.