फुल हाइट टॉयलेट पार्टिशन: बीओक्यूत (कामं आणि मापांच्या यादीत) नेमकं काय लिहायचं?

पुणे_साइट:
आयटी ऑफिसच्या मजल्यावर लेडीज टॉयलेटची पाच क्युबिकल्स नव्याने करायची आहेत. खाली-वर फट नको, असं क्लायंटचं म्हणणं. फॉल्स सिलिंग २७०० मिमीवर, स्प्रिंकलर आहेत, एक्झॉस्टची जाळी एकच, तीही पॅसेजमध्ये. तिन्ही व्हेंडरांनी नुसतं '१२ मिमी एचपीएल (हाय प्रेशर लॅमिनेट), फुल हाइट' लिहिलंय आणि दरांत जमीन-अस्मानाचा फरक. आयटम कसा लिहू?

कटलिस्ट:
आधी उंची मिमीत लिहा. पायांसकट २१०० मिमीलाही लोक बिनधास्त फुल हाइट म्हणतात, दरातला निम्मा फरक तिथेच असेल. नेहमीचा शीट १२२० × २४४० चा, म्हणजे २७०० ला तो पुरतच नाही. ३०५० मिमी लांबीचा शीट मिळतो, पण वाया जाणारा तुकडा तुमच्या माथी. त्यापेक्षा दार २१०० चं ठेवा आणि वर आडवा फिक्स पॅनल द्या. १२ मिमी कॉम्पॅक्ट बोर्ड (पूर्ण जाडीभर भरीव लॅमिनेट) चौरस मीटरला साधारण १७ किलो भरतो. ६०० × २१०० चं दार २१ किलोच्या आसपास, २६५० चं केलं तर २७ किलो. दाराला तीन बिजागऱ्या हव्यात, दोनवर ते काही महिन्यांत लोंबतं.

'कॉम्पॅक्ट' हा शब्द विसरू नका, नाहीतर पार्टिकल बोर्डावर लॅमिनेट चिकटवून आणतील. जेट स्प्रेच्या पाण्याने त्याच्या कडा फुगतात.

डक्टवाला:
बोर्ड नंतर बघा. पार्टिशन सिलिंगला भिडलं की प्रत्येक क्युबिकल ही वेगळी खोली झाली. पॅसेजमधली जाळी आतली हवा ओढणार नाही, वास आतच कोंडणार. प्रत्येक क्युबिकलमध्ये स्वतंत्र जाळी द्या. आता हिशेब बघा: ५० सीएफएम (मिनिटाला ५० घनफूट हवा) धरले आणि ६०० मिमी दाराखाली २० मिमी फट ठेवली, तर हवेचा वेग सेकंदाला जवळपास २ मीटर होतो. ४० मिमी ठेवली तर १ मीटर. म्हणजे 'अजिबात फट नको' हे क्लायंटला आत्ताच समजावून सांगा. एवढ्या खालच्या फटीतून आतलं काही दिसत नाही.

स्प्रिंकलरचंही तेच. पॅसेजमधल्या हेडचं पाणी आत पोचणार नाही, फायर कन्सल्टंटकडून नवा लेआउट लेखी घ्या. दिव्याचा सेन्सर पॅसेजमध्ये असेल तर तो बंद दाराआडचा माणूस पाहू शकत नाही आणि बाई आत असतानाच अंधार होतो.

फिटर_नाना:
फिटिंगचं सांगतो. माप टाइल्स लागल्यावरच घ्या, रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी. भिंत ओळंब्यात नसतेच. फरशीला १:१०० ढाळ असेल तर १५०० मिमीत १५ मिमी उतार पडतो, म्हणून पॅनलची खालची कड लेव्हलमध्ये कापून फरक अॅडजस्टेबल पायांनी भरा. पूर्ण लांबीचं यू-चॅनल फरशीवर नको, त्यात पाणी आणि घाण साचते.

पाय नायलॉनचे घ्या. हाऊसकीपिंगवाले अॅसिड ओततात, त्याने ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीललाही डाग आणि खड्डे पडतात, २०२ तर विचारूच नका. बोर्डाच्या कडेत स्क्रू मारू देऊ नका, थर सुटतात. आरपार भोक पाडून स्लीव्ह नट-बोल्ट वापरा. वर जिप्समच्या सिलिंगला काही अडकवू नका, हेडरेल (वरची आडवी पट्टी) भिंतीपासून भिंतीपर्यंत घ्या. बोर्ड दमट हवेत मीटरला २-३ मिमी हलतो, तेवढी जागा सोडा.

पुणे_साइट:
धन्यवाद. दारं आत उघडणारी दाखवली आहेत. चालेल?

कटलिस्ट:
आत कोणी चक्कर येऊन दाराला टेकून पडलं तर? फुल हाइटला वरून चढून जाता येत नाही. त्यामुळे पॅसेजला रुंदी असेल तर बाहेर उघडणारं दार, नसेल तर बाहेरून उचलून काढता येईल अशी बिजागरी. कडी इंडिकेटरवाली, बाहेरून नाण्याने फिरणारी. दिव्यांगांच्या क्युबिकलला मात्र बाहेर उघडणारं किंवा सरकतं दारच, ९०० मिमी मोकळी रुंदी मिळेल असं. हे आयटमच्या वर्णनातच टाका. नंतर एक्स्ट्रा म्हणून बिल येतं.