पीसी सारखा हँग होतोय, डिस्क १०० टक्के पण स्पीड शून्य. फॉरमॅट मारू का?

वेंगुर्लेकर_८१
नमस्कार मंडळी. घरी जुना डेस्कटॉप आहे, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, तिच्यातच सी आणि डी दोन्ही. पाऊस सुरू झाल्यापासून हँग व्हायला लागलाय. म्हणजे माऊस फिरतो पण क्लिक केलं की ढिम्म, कोपऱ्यातलं घड्याळ पण थांबतं, मग मिनिटभराने एकदम जाग येते आणि मधे जिथे जिथे क्लिक केलं ते सगळं धडाधड उघडतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, बाजूला स्पीड बघावा तर शून्य. डी मधलं दशावताराचं फोल्डर उघडलं की हमखास होतं. आठ-नऊ वर्षं जत्रांना जाऊन स्टँड लावून रात्रभर शूटिंग केलंय, संकासुर येतो तिथपासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत, ४०० जीबीच्या आसपास आहे आणि त्यातले दोन म्हातारे कलाकार आता राहिले नाहीत. दुसरी कॉपी नाही (शिव्या नंतर घाला). इथला रिपेअरवाला म्हणतो आणून द्या, व्हायरस असेल, फॉरमॅट मारून देतो. देऊ का? की घरीच चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) मारून बघू?

हापूस_देवगड
आधी रॅम काढून खोडरबराने घासून लाव. खाऱ्या हवेने पट्ट्या काळ्या पडतात, आमच्याकडे पावसाळ्यात निम्मे पीसी असेच रडतात.

भाट्याचा_पूल
रॅम घासून तोटा नाही, पण रॅमची लक्षणं वेगळी असतात, निळी स्क्रीन येते किंवा पीसी आपोआप रिस्टार्ट होतो. थांबून थांबून परत चालू होणं म्हणजे डिस्कच. एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटासा कप्पा) वाचता आला नाही की डिस्क परत परत तोच वाचायला बघते आणि तोवर विंडोज तिच्या दारात उभं. सी पण त्याच डिस्कवर म्हणून सगळंच अडकतं. फोल्डर उघडल्यावर का, तर एक्सप्लोरर प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र बनवायला फाईल वाचायला जातो.

फॉरमॅट नको आणि चेकडिस्क स्लॅश आर तर मुळीच नको, तो पूर्ण डिस्क खरवडत बसतो आणि आजारी डिस्क त्यातच मान टाकते. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाक आणि ०५, सी५, सी६, सी७ या चार ओळींचे आकडे इथे दे. आकडे हेक्समध्ये असतात (दहाऐवजी सोळाची मोजणी, म्हणून मधे ए ते एफ अक्षरं येतात). ०१ आणि ०७ समोर भलामोठा आकडा दिसला तर घाबरू नको, काही कंपन्यांच्या डिस्कवर तो तसाच असतो. इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजची नोंदवही) सिस्टम लॉगमध्ये ७, १२९ किंवा १५३ नंबर दिसतात का तेही बघ, ते डिस्कच्या तक्रारींचे.

वेंगुर्लेकर_८१
वर पिवळं कॉशन. ०५ शून्य, सी५ ला बी८, सी६ ला पण बी८, सी७ शून्य. इव्हेंटमध्ये ७ ची रांग लागलीय, १५३ पण आहेत. ०५ शून्य म्हणजे डिस्क चांगली ना?

भाट्याचा_पूल
नाही रे. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही असे, तुझे बी८ म्हणजे १८४. निकाल लागतो तो त्या जागी नवीन काही लिहिलं की. म्हणून तर फुल फॉरमॅट मारला की सी५ परत शून्य दिसतो, पीसी महिनाभर पळतो, दुकानदार खूश, आणि तुझा संकासुर गेला. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर १८४ म्हणजे जेमतेम ९२ केबी, तेवढ्यासाठी अख्खी मशीन ताटकळते. सी७ शून्य आहे म्हणजे केबलचा दोष दिसत नाही, तो वाढत असता तर आधी साटा केबल बदलायला सांगितली असती.

आता पीसी बंद कर, विंडोज चालू ठेवलंस तर ते त्याच डिस्कवर लिहीत राहणार. २ टीबीची एक्स्टर्नल घे (इमेज म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, ती पूर्ण १ टीबीची होते, आणि एक्स्टर्नल फॅट३२ फॉरमॅटची नको, त्यात ४ जीबीच्या वरची फाईल मावत नाही). पेन ड्राइव्हवरून लिनक्स बूट करून डीडीरेस्क्यू (नक्कल काढणारं टूल) चालव. तो आधी चांगला भाग भराभर उचलतो, अडलं की पुढे उडी मारतो, खराब जागी शेवटी परत येतो. सोबत मॅप फाईल (कुठला भाग उचलून झाला त्याची नोंद) द्यायला विसरू नको, ती पण एक्स्टर्नलवरच ठेव. कुठून कुठे हे मात्र तीनदा बघ, उलटं दिलंस तर रिकामी डिस्क भरलेलीवर ओतशील.

मालवणी_खाजा
माझो पण असोच झालो होतो रे, लग्नाचे फोटो गेले, बायको अजून बोलता. लाईट जाता-येता तेवढ्यात डिस्क मरता, आधी युपीएस घे. आणि ती डिस्क भायर काढून दुसरीकडे लावतलस तर लॅपटॉपच्या डिस्कचो केस चालाचो नाय, मोठ्या डिस्केक १२ व्होल्टचो अडॅप्टर लागता.

वेंगुर्लेकर_८१
झालं एकदाचं. संध्याकाळी लावलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी उरकलं, मधे दोनदा लाईट गेली, पण मॅप फाईलमुळे होतं तिथून पुढे सुरू. शेवटी शेवटी तर एकेका केबीसाठी कटकट आवाज करत बसली होती, मी बाजूला चहा घेऊन नुसता ऐकत. एकूण ३ एमबीच्या आसपास वाचता आलं नाही. नवीन एसएसडीवर विंडोज टाकलं, फायली तपासतोय. दोन व्हिडिओ एका जागी अडखळतात, ते चालेल. एक मात्र उघडतच नाही, आणि नेमका त्या म्हाताऱ्यांपैकी एकाचा आहे. कॅमेरा ४ जीबीचे तुकडे पाडतो म्हणून त्या रात्रीचं बाकीचं आहे.

भाट्याचा_पूल
एमपी४ ची अनुक्रमणिका बऱ्याच कॅमेऱ्यांत फाईलच्या शेवटी असते, तेवढीच गेली असेल तर आतलं चित्र शाबूत असतं. अनट्रंक म्हणून टूल आहे, त्याला त्याच कॅमेऱ्याची त्याच सेटिंगची एक चांगली फाईल दाखवावी लागते. मूळ फाईलवर नको, कॉपीवर कर.

वेंगुर्लेकर_८१
त्याच रात्रीचा पुढचा तुकडा चांगला आहे. जेवण झाल्यावर बसतो.