दिवाळीच्या साफसफाईनंतर डेस्कटॉपला जुनी हार्ड डिस्क आणि निम्मी रॅम दिसत नाही

इंदिरानगरकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरात राहतो. शेजारच्या प्लॉटवर वर्षभर बांधकाम चालू असल्याने आमच्या डेस्कटॉपमध्ये सिमेंटची बारीक धूळ साचली होती आणि पंख्यांचा आवाज फार वाढला होता. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत मी पहिल्यांदाच कॅबिनेट पूर्ण उघडून जवळजवळ प्रत्येक भाग सुटा केला आणि ब्लोअरने स्वच्छ केला.

परत जोडल्यावर संगणक सुरू होतो, विंडोजही येते. परंतु १६ जीबीऐवजी ८ जीबीच रॅम दिसते आणि १ टीबीची हार्ड डिस्क कुठेच दिसत नाही. त्या डिस्कवर वडिलांच्या निफाडच्या द्राक्षबागेचे सात वर्षांचे फवारणीचे आणि मजुरीचे हिशेब आहेत, त्यांची दुसरी प्रत नाही, आणि आता छाटणीनंतरच्या फवारण्यांचे दिवस असल्याने वडील रोज त्याबद्दल विचारत आहेत.

प्रोसेसर मी सॉकेटमधून काढला नव्हता; फक्त त्यावरचा कूलर काढून, उष्णता कूलरकडे नेणारी नवी पेस्ट लावली. विंडोज असलेली एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवरच आडवी बसणारी वेगवान साठवण-पट्टी) पूर्वी तिच्यासाठीच्या वरच्या एम.२ स्लॉटमध्ये होती, पण ग्राफिक्स कार्ड आधीच बसवून झाल्याने ती खालच्या स्लॉटमध्ये लावली. रॅमच्या दोन्ही स्टिक चार वेळा काढून बसवल्या आणि हार्ड डिस्कची डेटा केबलही बदलून पाहिली. एका दुरुस्तीवाल्यांनी फोनवरच मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले. खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

सातपूरकर

नमस्कार. आधी हिशेबांची काळजी घेऊ, कारण रॅम बाजारात मिळते, ते हिशेब मिळणार नाहीत. डिस्क कधीही दिसू लागली आणि विंडोजने तिला ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करण्याविषयी विचारले, तर कृपया होकार देऊ नका. संगणक सुरू करताना डिस्कवर हलकेच बोट टेकवून पाहा: आतली तबकडी फिरत असेल तर मंद, एकसारखी थरथर जाणवते. थरथर नसेल तर बहुधा वीज पोहोचत नाही. टक्-टक् असा आवाज ठराविक अंतराने येत असेल तर डिस्क लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.

त्यानंतर विंडोजमध्ये न शोधता बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन पाहा. डिस्क बायोसला दिसते पण विंडोजला दिसत नाही, असे असेल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिचे ड्राइव्ह अक्षर गेले आहे का ते बघावे लागेल. बायोसलाच दिसत नसेल तर दोष केबल, पोर्ट, वीज किंवा खुद्द डिस्क यांपैकी कशात तरी असू शकतो. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) सुट्या केबलींचा असेल, तर केबली त्याच्याच सोबत आलेल्या आहेत ना हेही पाहावे. दुसऱ्या एसएमपीएसची केबल सारखी दिसली तरी तिच्यातील तारांची रचना वेगळी असू शकते आणि त्यामुळे डिस्क जळू शकते.

नाशिकरोडकर

वरील सल्ला योग्यच आहे, पण मला प्रश्नातले एसएसडीचे वाक्य महत्त्वाचे वाटते. पुष्कळ मदरबोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट आणि एक-दोन सॅटा पोर्ट (हार्ड डिस्कची डेटा केबल लागते त्या जागा) यांना एकच मार्ग वाटून दिलेला असतो. त्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की ते पोर्ट आपोआप बंद होतात. बिघाड काहीच नसतो, त्यामुळे केबल कितीही बदलली तरी डिस्क दिसत नाही. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये याचा तक्ता असतो. आपली डिस्क कोणत्या क्रमांकाच्या पोर्टवर आहे? मात्र या तपासणीत बायोसमधील सॅटाचा मोड बदलू नका; मोड बदलल्यास आज सुरू होणारी विंडोजही कदाचित सुरू होणार नाही.

इंदिरानगरकर

दोघांचेही मनापासून आभार. डिस्कला थरथर होती, पण बायोसमध्ये ती नव्हती. केबल सॅटा ५ या पोर्टवर होती आणि मॅन्युअलमध्ये खालचा एम.२ स्लॉट वापरल्यास सॅटा ५ व ६ बंद राहतील असे स्पष्ट छापलेले आहे. केबल सॅटा २ वर लावताच डिस्क दिसली. सर्वप्रथम हिशेबांचे फोल्डर दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतले आणि मगच हे लिहायला बसलो.

रॅम मात्र अजून ८ जीबीच आहे. एकेक स्टिक लावून पाहिली: ए२ या रॅमच्या स्लॉटमध्ये दोन्ही चालतात, बी२ या स्लॉटमध्ये एकही चालत नाही.

पंचवटीकर

आपण ही चाचणी केली हे फार बरे झाले, कारण त्यावरून दोन्ही स्टिक चांगल्या आहेत हे सिद्ध झाले. दोष बी बाजूच्या स्लॉटपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर आहे. प्रथम विजेरी धरून बी२ स्लॉटमध्ये धुळीचा कण किंवा ब्रशचा केस अडकला आहे का ते पाहा. तो स्वच्छ असेल तर माझा संशय कूलरवर आहे. आजच्या प्रोसेसरमध्ये रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच असतो, आणि कूलरचा एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळले तर प्रोसेसरवर एका बाजूने दाब येऊन सॉकेटच्या काही पिनांचा संपर्क सुटू शकतो. वीज पूर्ण काढून कूलर उचला, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी पेस्ट लावा आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. एवढ्याने भागले नाही, तरच प्रोसेसर काढून एखादी पिन वाकली आहे का हे पाहण्याची वेळ येईल, आणि ते काम सवयीच्या हाताकडे द्यावे.

इंदिरानगरकर

स्लॉट स्वच्छ होता. कूलर उचलल्यावर जुनी पेस्ट एका कोपऱ्याकडे अगदी पातळ आणि समोरच्या कोपऱ्याकडे जाड राहिलेली दिसली, म्हणजे दाब खरोखरच तिरका पडला होता. आपण सांगितल्याप्रमाणे स्क्रू आवळले आणि पहिल्याच वेळी बायोसमध्ये १६ जीबी दिसली. एसएसडी आता खालच्याच स्लॉटमध्ये ठेवली आहे, आणि सॅटा ५ व ६ वर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. वडिलांनी आज सकाळीच फवारणीची नोंद केली.